ओला रंग

आत्याने तिसऱ्यांदा लग्न ठरवलं आणि ते मोडलं नाही, ते हे वर्ष. पुढे घरात सगळ्या गोष्टी याच वर्षाला बांधून सांगत. नवी भट्टी आत्याच्या लग्नाआधीची, मागची भिंत लग्नानंतरची, आणि ठिपकीचं दुखणं लग्नाच्या आदल्या हिवाळ्यातलं.

आधीची दोन लग्नं का मोडली हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे. पहिला मुलगा आला तेव्हा आत्याच्या वडिलांनी, आबांनी, त्याच्या सदऱ्याकडे बघून, "हा रंग ज्याला चालतो त्याला काहीही चालेल," असं त्याच्या आईसमोरच म्हटलं होतं. दुसऱ्याच्या वेळी ते काही बोलले नाहीत. भरल्या ताटावरून उठले आणि कापड रंगवायच्या घरच्या कारखान्यात जाऊन हौद ढवळत बसले. आत्या म्हणजे आबांचा उजवा हात. कुठल्या सुताला किती उकळी द्यायची, हौदातल्या पाण्याचा रंग कधी उतरला, हे आबांच्या खालोखाल तिलाच कळे. ती गेली की रंगाचा कारखाना लंगडा होणार, हे आबा तोंडाने कधी बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

तिसरा आला तो घड्याळजी. बाजाराच्या वळणावर त्याचं खोक्याएवढं दुकान. डोळ्यात भिंग अडकवून तो दिवसभर वाकलेला असे, म्हणून आबांनी त्याचं नाव एकडोळ्या ठेवलं होतं. आत्या तेव्हा छत्तीस वर्षांची. या खेपेला तिने बापाला विचारलं नाही, सांगितलं. अट एकच घातली आणि तीही नवऱ्या मुलाला. लग्न नोंदणीच्या कचेरीत सही करताना ठिपकी माझ्या शेजारी उभी हवी, नाहीतर मी पेनाला हात लावणार नाही. घड्याळजी म्हणाला, ठिपकी माझ्या मांडीवर बसून सही करायला लागली तरी चालेल.

ठिपकी म्हणजे आत्याच्या भावाची लेक, सात वर्षांची. गालावर मसुराएवढा तीळ, म्हणून ठिपकी. आदल्या हिवाळ्यात ही धडधाकट पोर एकाएकी वाळायला लागली. तांबेच्या तांबे पाणी प्यायची, अंथरूण भिजवायची, दिवसा भिंतीला टेकून पेंगायची. काकांनी, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाने, जंत झालेत असं ठरवून टाकलं. ठिपकीच्या आजीने, म्हणजे सूनबाईच्या सासूबाईंनी, शाळेला दोष दिला. ज्या दिवशी पोरीच्या श्वासाला सडलेल्या फळासारखा वास आला, त्या दिवशी तिच्या आईने, घरच्या सूनबाईने, कुणाला न विचारता तिला उचललं आणि मुलांचा दवाखाना गाठला. साखरेचा आजार निघाला. जन्मभर इंजेक्शन. सूनबाई तिथे रडली नाही. सुई कशी टोचायची ते शिकली आणि मग लघवी कशी तपासायची तेही शिकली.

डॉक्टरीणबाईंनी तिला सोपं करून सांगितलं होतं. अंगात इन्सुलिन कमी पडलं की रक्तातली साखर कामाला येत नाही, ती लघवीतून सांडते. मग शरीर पोट भरायला चरबी जाळायला घेतं. त्या जाळाची जणू राखच लघवीत उतरते, तिला कीटोन म्हणतात. साखर सांडली तर सावध राहायचं, राख दिसली तर धावायचं. ताप, सर्दी, उलटी असेल तेव्हा तर दर वेळची लघवी तपासायची. रक्त तपासायची यंत्रं तेव्हा दवाखान्यातच असत. घरी असायची ती पट्ट्यांची डबी. पट्टीच्या टोकाला दोन चौकोन. लघवीत बुडवायची, झटकायची आणि डबीवरच्या रंगांशी जुळवायची. साखरेचा चौकोन निळसर राहिला तर ठीक, हिरव्यावरून तपकिरीकडे गेला तर वाईट. कीटोनचा चौकोन बिस्किटी राहिला तर ठीक, गुलाबी होत होत वांगी झाला तर थेट दवाखाना.

रंगाऱ्याच्या घरात रंग जुळवायचं काम निघालं आणि ते करणार कोण, तर शिंप्याच्या घरून आलेली सून. डबीला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. कारखान्याची वाफ घरभर फिरायची, आणि दमट झालेली पट्टी कामातून जाते. शिवाय घरातल्या प्रत्येकाची बोटं रंगलेली. आबांची नखं तर निळीच. लोक म्हणत, रंगारी जन्मले तेव्हा दाईने त्यांना हौदातूनच काढलं. डबी कपाटावर असे, झाकण घट्ट. आबा जाता-येता तिच्याकडे बघत. एकदा म्हणाले, "गावातल्या माणसाला दोन लालांतला फरक कळत नसला की तो माझ्या दारात येतो. आणि माझी नात..." पुढचं त्यांनी तसंच सोडून दिलं. सूनबाईने ऐकलं आणि कामाला लागली. त्या हिवाळ्यापासून ती एका रात्रीसाठीही माहेरी गेली नव्हती. सख्ख्या बहिणीच्या बाळाच्या बारशालासुद्धा नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी ठिपकी शिंकायला लागली. अंग कोमट. सूनबाई दिवसभर पट्ट्या बुडवत राहिली. सगळ्या बिस्किटी. लग्नाच्या दिवशी सकाळची पट्टीही स्वच्छ निघाली. इंजेक्शन झालं, खाणं झालं, आणि ठिपकी नाक ओढत अंगणात दोऱ्यांखालून पळायला लागली.

अडचण निघाली ती आत्याच्या रेशमाची. अंगावर घ्यायचं रेशीम आबांनी स्वतः रंगवायला घेतलं होतं. एकदा रंगवलं, वाळवलं, दाराच्या उजेडात धरलं आणि म्हणाले, अजून नाही. पुन्हा रंगवलं. पुन्हा अजून नाही. आत्या चिडून म्हणाली, लग्न झाल्यावर रंग पक्का कराल का? आबा म्हणाले, "वाळल्याशिवाय रंग बोलत नाही. ओल्या रंगावर विश्वास ठेवणारा रंगारी आणि मांडवात गोड बोलणारा जावई, दोघं सारखेच." अखेर त्या सकाळी रेशीम दोरीवरून उतरलं. जांभळाच्या आतल्या गरासारखा रंग, धड जांभळा नाही, धड गुलाबी नाही. आत्याने ते गालाला लावलं आणि न्हायला गेली. आता त्याला इस्त्री हवी होती, आणि गल्लीच्या टोकाचा इस्त्रीवाला रेशमाला हात लावायचा तो सूनबाई समोर उभी असेल तरच. मागे एकदा त्याने जाळलं होतं.

सूनबाई दारात थबकली. निघण्याआधी ठिपकीची आणखी एक पट्टी बघायची होती. नवरा खुर्च्या आणायला गेलेला. सासूबाईंना जवळचं दिसत नव्हतं आणि पट्टी म्हटलं की त्यांचे हात कापत. आत्या न्हाणीघरात.

"मी आहे ना," आबा म्हणाले.

सूनबाईने त्यांच्या निळ्या नखांकडे बघितलं.

"साबणाने धुतो हात. दोनदा धुतो. कारखान्यातले रबरी मोजे घालतो, नवे काढतो. अजून काय करू, सांग."

सत्तरीच्या माणसाने असं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं. तिने डबी उतरवली. पट्टी चौकोनाला न धरता कशी काढायची ते दाखवलं, बुडवून कशी झटकायची ते दाखवलं, डबीवरचे दोन्ही रंगांचे पट्टे दाखवले. "कीटोनचा गुलाबीकडे गेला तर मला हाक मारायला काकांना पाठवा. मी इथेच आहे, टोकाला."

"गुलाबी मला शिकवतेस?" आबा म्हणाले, पण हसत म्हणाले. खरं तर त्यांची छाती फुगली होती.

तिने एवढं सगळं सांगितलं आणि एक गोष्ट सांगितली नाही. ती तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती सांगावी लागते हेच तिला सुचलं नाही.

इस्त्रीवाल्याने वेळ लावला. रेशीम हातांवर आडवं घेऊन सूनबाई परत वळली, तर कारखान्यासमोर मालाची गाडी सुरू उभी होती आणि काका स्टिअरिंगवर बसलेले. सासूबाई पिशवीत पोरीचे कपडे कोंबत होत्या. तिचा नवरा हातातली खुर्ची खाली ठेवायचं विसरून तसाच उभा होता. आणि ठिपकी शालीत गुंडाळलेली, गाडीत पुढच्या जागेवर बसून आनंदाने भोंगा वाजवत होती.

रेशीम सूनबाईने नवऱ्याच्या खुर्चीवर टाकलं आणि गाडीत चढली.

"वांगी आलाय," आबा खाली उभं राहून म्हणाले. त्यांच्या हातात अजून रबरी मोजे होते. "डबीवरचा शेवटचा. त्याच्याही थोडा पुढे. आणि साखरेचा पक्का तपकिरी. दाराच्या उजेडात बघितला, सूनबाई. काकांना तुझ्याकडेच पाठवत होतो, ते म्हणाले गाडीतूनच उचलू."

तिने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि नाक जवळ नेलं. दंतमंजनाचा वास. पुन्हा हुंगलं. दंतमंजन आणि सर्दी. ओठ ओले, डोळे चमकते. ठिपकी म्हणाली, "आई, तू कुत्र्यासारखी काय करतेस?" सूनबाईला कळेना. मागच्या वेळी पोर मान टाकून पडली होती. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दिसण्यावर जाऊ नका, पट्टीवर जा.

तेवढ्यात पायरीवर आत्या आली. केस ओले, खांद्यावर पंचा. कुणीतरी तिला सांगितलं असावं. ती गाडीकडे आली नाही. बापासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, एकदाच विचारते. पट्टी खरंच तशी आहे?"

आबांना प्रश्न कळायला वेळ लागला. "म्हणजे?"

"पहिल्याला सदरा नडला. दुसऱ्याला तुमचं जेवण. आज पट्टी नडतेय. म्हणून विचारलं."

काकांनी गाडी बंद केली. एरवी ज्याचं बोलणं थांबत नसे त्या माणसाने खिडकीची काच पुसायला घेतली. सासूबाई पिशवी घेऊन तशाच उभ्या. आणि सूनबाईच्या मनात, अगदी डोळ्याची पापणी लवेपर्यंत, आलं की असेलही. आत्याला थांबवायला हा माणूस एवढंही करू शकेल. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

आबांचा चेहरा रंग उतरलेल्या हौदासारखा झाला होता. "रंगाबद्दल मी खोटं बोललो नाही कधी," ते म्हणाले. "गिऱ्हाईक तुटलं तरी नाही बोललो. तू लहानपणापासून माझ्याशेजारी उभी आहेस. तुला माहीत आहे. आणि पोरीच्या जिवावर..." त्यांनी मोजे काढायला घेतले, पण ते निघेनात.

आत्याने मान खाली घातली. माफी मागितली नाही. तिलाही दोन लग्नांचं ओझं होतं.

अशा वेळी घड्याळजी सायकलवरून आला. नवा सदरा, कपाळावर घाम. तो लग्नाला आला होता आणि समोर सगळे प्रेताला जमल्यासारखे उभे. काकांनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्याने सायकल भिंतीला लावली आणि म्हणाला, "मग थांबलात कशाला? निघा. कचेरी उद्याही उघडी असते. मी जाऊन सांगतो त्यांना." आत्याकडे वळून तो म्हणाला, "तू गाडीत बस. ठिपकीशेजारी. सही करताना बसणार होतीस, तशीच."

आत्याने त्याच्याकडे बघितलं. हा तिसराही निघून जाईल अशी जी भीती घरातल्या सगळ्यांना होती, तिच्या स्वतःच्याही मनात होती, ती तिथल्या तिथे गेली. सूनबाईने ते बघितलं. आबांनीही. एकडोळ्याच्या सदऱ्याचा रंग त्यांनी सवयीने एकदा बघून घेतला आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "बरा आहे." सदरा की माणूस ते कळलं नाही.

गाडी पुन्हा सुरू झाली. सूनबाईने दार ओढून घेतलं आणि तिला आठवलं. "आबा, पट्टी कुठे आहे? डॉक्टरीणबाईंना दाखवायला घेते."

"आहे ना. खिडकीत ठेवलीय."

ती उतरली आणि आत गेली. कारखान्याच्या दाराशेजारी जी उत्तरेची खिडकी, तिथे आबांची नमुन्यांची जागा. तिथे रोज कापडाच्या चिंध्या वाळत घातलेल्या असत, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक खडा. आजही होत्या. आत्याच्या रेशमाच्या तीन चिंध्या, पहिली अजून नाही, दुसरी अजून नाही, तिसरी पास. आणि त्यांच्या रांगेत, तशीच सरळ, डोक्यावर खडा ठेवून, लघवीची पट्टी. कोरडी ठणठणीत. वांगी आणि तपकिरी.

सूनबाई तिच्याकडे बघत राहिली.

"आबा," तिने हाक मारली. ते मागेच आले होते. "तुम्ही ही वाळवली?"

"मग?" आबा म्हणाले. "ओला रंग कोण बघतं?"

तिने खिडकीची चौकट धरली. आधी तिला हसू आलं की रडू, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. दोन्ही एकदमच आलं असावं. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं सूनबाईला घेरी आली. ती खाली बसली होती आणि खड्याकडे बोट दाखवत होती.

"ओलीच बघायची असते, आबा. बुडवली की लगेच. मनात थोडं मोजायचं आणि बघायची. नंतर ती आपोआप काळवंडत जाते. तो रंग धरायचाच नसतो. मी सांगितलं नाही तुम्हाला. मी सांगायलाच विसरले."

आबा पट्टीकडे बघत उभे राहिले. "म्हणजे मी बघितला तो रंग खरा होता."

"खरा होता. वेळ चुकली."

आत्या दारात आली होती. तिने सगळं ऐकलं. ती पुढे आली, बापाचे दोन्ही हात धरले आणि निघत नसलेले मोजे एकेक बोट धरून ओढून काढले, लहान मुलाचे काढतात तसे. एवढीच त्या घरातली माफी.

तरी सूनबाईने दवाखान्याला फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिळी पट्टी फेकून द्या, पोर खेळत असेल तर नवी बुडवा, आणि ती गडद दिसली तर एक क्षण थांबू नका. काकांनी गाडी सुरूच ठेवली. आता प्रश्न एवढाच उरला की लघवी कुठून आणायची.

"मला नाही आली," ठिपकी म्हणाली.

तिला पाणी दिलं. मग आणखी दिलं. ती मोरीत जाऊन बसली आणि उठून आली. सासूबाईंनी नळ सोडला, काकांना सुचलं म्हणून त्यांनी एका हौदातलं पाणी दुसऱ्या हौदात धो धो ओतलं, त्याचा परिणाम काकांवर झाला आणि त्यांनाच जावं लागलं. ठिपकीच्या लक्षात आलं की आज सगळं घर आपल्या मुठीत आहे. तिने अटी घालायला सुरुवात केली. परतताना गाडीत पुढे बसणार. भोंगा वाजवणार. आत्याच्या रेशमाच्या उरलेल्या कापडाचा बाहुलीला झगा. आत्या सगळ्याला हो म्हणत होती. घड्याळजी मोरीबाहेर उकिडवा बसून तिला सांगत होता की त्याच्या दुकानात एक घड्याळ आहे, त्यातून दर तासाला एक बेडूक बाहेर येतो, पण बरेच दिवस तो बाहेरच आलेला नाही, नुसता आतून डराव करतो.

"का नाही येत?"

"सगळे त्याच्याकडे बघत बसतात म्हणून."

ठिपकीने विचार केला. "मग तुम्ही सगळे तिकडे तोंड करा."

लग्नाचं घर भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. नवरदेव, नवरी, नवरीचा बाप, सगळे. सासूबाईंनी तर डोळेही मिटले. थोड्या वेळाने मोरीतून आवाज आला, बारीक, मग जोरात, आणि काकांनी भिंतीकडे तोंड करूनच टाळी वाजवली.

सूनबाईने डबी उघडली. पट्टी काढली आणि थांबली. मग ती आबांच्या हातात दिली.

"तुम्ही बघा."

"मी?" आबा म्हणाले. "मला ओल्याची सवय नाही."

"होईल."

सूनबाईने सांगितलेले सेकंद मोजायला घड्याळजीने मनगट वर केलं. आबांनी पट्टी बुडवली, कडेला झटकली आणि डबीजवळ धरली.

"आता कीटोन," घड्याळजी म्हणाला.

आबा वाकले. "बिस्किटी. नुसता बिस्किटी. गुलाबीचा वासही नाही."

"आता साखर."

"निळा. त्यात हिरव्याची चाहूल. पहिल्या हिरव्याच्या अलीकडे." ते सरळ झाले. "सूनबाई, तूही बघ."

सूनबाईने मागून कधीच बघितलं होतं. "तुम्ही बघितलात ना," ती म्हणाली, "मग झालं."

कचेरीत पोचले तोवर तिथला कारकून खिडकी लावत होता. तो वैतागून म्हणाला, लोक स्वतःच्या लग्नाला तरी वेळेवर येतात. काका पुढे सरसावले आणि त्यांनी त्याला सगळ्यांसमोर गंभीरपणे सांगितलं की नवरीकडच्या एका पाहुणीला लघवीला होत नव्हतं, त्याला आमचा इलाज नाही. कारकुनाने चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं, मग शालीतल्या ठिपकीकडे बघितलं, आणि खिडकी पुन्हा उघडली. आत्याने सही केली तेव्हा ठिपकी तिच्या शेजारी खुर्चीवर उभी होती आणि नाक ओढत होती. साक्षीदार म्हणून आबांनी सही केली. सही केल्यावर सवयीने त्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि शाईवर फुंकर घालत राहिले. आत्या म्हणाली, "आबा, द्या आता. ओली चालेल."

जेवणं अंगणात, वाळवणाच्या दोऱ्यांखाली झाली. जेवताना आबा दोनदा उठून ठिपकीच्या कपाळाला हात लावून आले आणि एकदा जावयाच्या शेजारी जाऊन बसले. त्याच्या दुकानातल्या बेडकाबद्दल काहीतरी विचारत होते. संध्याकाळी गाडीतून आत्याला पोचवायला निघताना ठिपकी पुढे बसली आणि वळण येईस्तोवर भोंगा वाजवत राहिली. आबा दारात उभे होते. कारखाना लंगडा झाला खरा. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आत्या नेहमीच्या वेळी हौदावर हजर होती, केसात गजऱ्याऐवजी कापसाचे तंतू, आणि म्हणाली, मी काय परदेशी गेले होते का?

त्या दिवसापासून संध्याकाळची पट्टी आबांची झाली. सूनबाईने डबी कपाटावरून खाली काढली नाही. आबांनाच एक स्टूल आणून दिलं. ते मोजे घालत, बुडवत, आणि दाराच्या उजेडात न जाता तिथल्या तिथे, ओल्या पट्टीचा रंग मोठ्याने सांगत. बिस्किटी. घरभर ऐकू जाई. हळूहळू तो शब्द घराचाच झाला. आत्याला कुणी विचारलं, सासरी कसं चाललंय, तर ती म्हणे, बिस्किटी. काका गाडी दुरुस्त करून आले की म्हणत, आता बिस्किटी चालतेय. एखाद्या आजारपणात पट्टी गुलाबी निघाली, दोनदा खरंच धावावंही लागलं, पण तेव्हा आबांनी रंग ओळखायला क्षणही लावला नाही आणि पोर वेळेत पोचली. पुढच्या उन्हाळ्यात सूनबाई माहेरी गेली. चार दिवस राहिली. रोज संध्याकाळी फोन यायचा, आबा एकच शब्द बोलायचे आणि ठेवून द्यायचे.

रक्त तपासायचं यंत्र घरी आलं तेव्हा ठिपकी मोठ्या शाळेत होती. आबांना ते आवडलं नाही. आकडे दाखवतं, म्हणाले, रंग दाखवत नाही. त्यांच्यासाठी सर्दीतापाच्या दिवशी पट्टी चालूच राहिली.

आबा वारले ते ठिपकी कॉलेजात गेली त्या वर्षी, हिवाळा संपता संपता, एका मंगळवारी सकाळी, नमुन्यांच्या खिडकीशेजारच्या खुर्चीवर. वय ब्याऐंशी. खिडकीत तीन चिंध्या वाळत होत्या. त्यांचा रंग आत्याने दुपारी बघितला.